'पेनलेस डिलिव्हरी'चं पॅकेज: वरचे पैसे कशाचे?

मॅटर्निटी होमच्या पाटीवर 'वेदनारहित प्रसूती' ही ओळ आता सर्रास दिसते. नाव नोंदवायला गेलं की काउंटरवरून दर सांगितले जातात: नॉर्मलचे इतके, सिझरचे इतके आणि 'पेनलेस' हवं असेल तर वर इतके. ते 'वर इतके' कशाचे, हे विचारायचं बहुतेकांच्या मनात येत नाही, कारण नावातच सगळं आलं असं वाटतं. इथे कुठल्या एका हॉस्पिटलला तारे द्यायचे नाहीत. ही सेवा कशी विकली जाते, तिच्यात पैसे वसूल कुठे होतात आणि गाडी कुठे अडते, ते पाहायचं आहे.

घोळ नावापासूनच सुरू होतो. 'पेनलेस' या एका लेबलखाली किमान चार वेगळ्या वस्तू मिळतात.

सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे दंडात किंवा कुल्ल्यावर दिलेलं इंजेक्शन. पेंटाझोसिन ३० मिलिग्रॅमसोबत प्रोमेथाझिन २५ मिलिग्रॅम ही आपल्याकडची जुनी जोडी. कुठे ट्रामाडॉल देतात, कुठे पेथिडिन. याने कळ जात नाही, गुंगी येते. दोन कळांच्या मधे बाई डुलकी काढते आणि कळ ऐन भरात आली की दचकून जागी होते. काहींना ते त्याहून नकोसं वाटतं. मळमळ होते, आणि औषध दिल्यावर दोन-चार तासांत बाळ झालं तर तेही पेंगुळलेलं, श्वास घ्यायला आळसावलेलं असू शकतं. म्हणून बाळंतपण जवळ आल्यावर हे इंजेक्शन देत नाहीत. ड्रोटाव्हेरिन किंवा व्हॅलेथामेट ही 'तोंड उघडायची इंजेक्शनं' तर वेदनाशामकच नव्हेत. ती गर्भाशयाच्या तोंडाचा ताण सैल व्हावा म्हणून देतात. यातल्या कशालाही 'पेनलेस पॅकेज' म्हणून वेगळा आकार लावणं म्हणजे चहात साखर घातली म्हणून वेगळं बिल करणं.

दुसरी वस्तू एन्टोनॉक्स. ऑक्सिजन आणि नायट्रस ऑक्साइड निम्मे-निम्मे, निळ्या सिलिंडरमध्ये. ब्रिटनमध्ये हा वायू प्रसूतिगृहात पाण्यासारखा वापरतात, आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी असतो. असर यायला साधारण अर्धं मिनिट लागतं, आणि इथेच बहुतेक जणी चुकतात: कळ असह्य झाली की मास्क लावतात. तोवर उशीर झालेला असतो. वायू चढतो तेव्हा कळ ओसरायला लागलेली असते आणि पदरात नुसती चक्कर पडते. कळ येतेय असं वाटताच मास्क लावायचा, सावकाश खोल श्वास घ्यायचे आणि कळ गेली की बाजूला ठेवायचा. मास्क बाळंतिणीनेच धरायचा. नवऱ्याने प्रेमाने धरून ठेवायचा नाही, कारण गुंगी जास्त झाली तर तिचा हात आपोआप सैल पडून मास्क सुटावा हीच त्यातली सुरक्षा आहे. दुखणं थांबत नाही, त्याची धार बोथट होते. एवढ्या अपेक्षेने घेतलं तर माफक पैशांत चांगली चीज.

तिसरी वस्तू एकदाच दिलेलं स्पायनल, म्हणजे कमरेतून मणक्यात दिलेलं भुलेचं इंजेक्शन. सिझरला देतात तेच, पण डोस अगदी थोडा. पाच मिनिटांत स्वर्ग, आणि दीड-दोन तासांत परत जमिनीवर. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल, तोंड सात-आठ सेंटिमीटर उघडलं असेल तर हे चोख काम करतं. पहिलटकरणीला चार सेंटिमीटरवर देणं म्हणजे रात्रभराच्या प्रवासाला निम्म्या वाटेपर्यंतचं तिकीट.

चौथी वस्तू एपिड्युरल, म्हणजे कमरेच्या मणक्यांमधून बारीक नळी बसवून तिच्यातून देत राहिलेली भूल. पुढचं परीक्षण तिचंच, कारण दरातला मोठा फरक हिच्यामुळे पडतो आणि खरोखर शेवटपर्यंत कळा घालवण्याची ताकदही यांतल्या हिच्यातच आहे.

किट उघडलं की आत काय असतं? १६ किंवा १८ गेजची, टोकाशी किंचित वाकलेली टुओही सुई. तिच्यावर दर सेंटिमीटरला खूण असते. हवा किंवा सलाईन भरायची एक अगदी सुळसुळीत सिरिंज, शेवयीएवढी बारीक नळी म्हणजे कॅथेटर, एक जोडणी आणि एक चपटा फिल्टर. बाई पलंगाच्या कडेला बसते, पाय स्टुलावर, पोटाशी उशी, हनुवटी छातीला, पाठ मांजरीसारखी गोल. कमरेच्या मणक्यांमधली जागा चाचपून आधी त्वचा बधिर करतात. त्यानंतर सुई जाताना टोचण्यापेक्षा दाब जास्त जाणवतो. सुई आत सरकत असताना सिरिंजचा दट्ट्या अडून बसलेला असतो. नेमक्या जागी पोचताच तो एकदम सैल होतो. ही जागा त्वचेपासून बहुधा चार ते सहा सेंटिमीटरवर सापडते. सुई आत असताना कळ आली तर 'कळ येतेय' एवढं बोलायचं. डॉक्टर थांबतात. न बोलता अंग आक्रसून घेणं हे सगळ्यात वाईट.

कॅथेटर चार-पाच सेंटिमीटर आत ठेवून सुई काढतात. आता एक बारीकशी गोष्ट, जिच्यावर पुढच्या आठ तासांचं सुख ठरतं. पाठ गोल करून बसलेली बाई सरळ झाली की त्वचा आणि मणका यांच्यातलं अंतर बदलतं आणि नळी सेंटिमीटरभर इकडे-तिकडे होऊ शकते. वाकलेली असतानाच चिकटपट्टी मारली तर नळीची त्वचेपाशी गच्च मूठ बसते आणि तिचं आतलं टोक जागेवरून ओढलं जातं. मग तासाभरात 'डावीकडे दुखतच नाही, उजवीकडे तसंच दुखतंय' अशी तक्रार सुरू. जाणता भूलतज्ज्ञ तिला आधी सरळ बसवतो किंवा कुशीवर वळवतो, नळी स्वतःच्या जागी बसू देतो आणि मगच पट्टी लावतो. अर्ध्या मिनिटाचं काम, पण घाईत हेच सुटतं.

पट्टीनंतर चाचणी डोस: ॲड्रिनलिन मिसळलेलं लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध, ३ मिलि. मिनिटाभरात नाडी वीसेक ठोक्यांनी उडाली तर नळी शिरेत आहे. तीन-पाच मिनिटांत पाय बधिर झाले तर ती मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात, म्हणजे स्पायनलच्या जागी गेली आहे. दोन्ही नसेल तर खरं औषध. ते एकदम न ढकलता पाच-पाच मिलि करत देतात. सुई लागल्यापासून नळी बसेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं आणि औषध चढायला आणखी पंधरा-वीस. म्हणजे भूलतज्ज्ञ दारात आल्यापासून आराम पडेपर्यंत अर्ध्या-पाऊण तासाची तयारी ठेवावी. 'इंजेक्शन दिलं तरी दुखतंय' ही दहाव्या मिनिटाची ओरड त्या हिशेबात बसत नाही.

आता औषधाची ताकद. चांगली आणि सुमार सेवा यांतला खरा फरक इथे कळतो. जुन्या पद्धतीत ०.२५ टक्के बुपिव्हॅकेन हे बधिर करणारं औषध देत. कळा जायच्या, पण पाय शिशासारखे जड व्हायचे आणि जोर लावायची वेळ आली तरी बाईला काही समजायचं नाही. आजची रीत ०.१ टक्के किंवा त्याहून पातळ, सोबत थोडं फेंटानिल, म्हणजे अफूच्या जातीचं तीव्र वेदनाशामक. हिशेब सोपा आहे: ०.५ टक्क्यांचं बुपिव्हॅकेन १० मिलि, फेंटानिलचं २ मिलिचं ॲम्प्यूल, ३८ मिलि सलाईन. झाली ५० मिलिची सिरिंज, बुपिव्हॅकेन ०.१ टक्के आणि दर मिलित २ मायक्रोग्रॅम फेंटानिल. ती पंपावर तासाला १० मिलि लावली की पाच तास चालते.

पाच तास. रात्री दहाला लावलेली सिरिंज पहाटे तीनला संपते. तेव्हा दुसरी कोण भरणार? या एका प्रश्नावर बहुतेक पॅकेजची परीक्षा होते. आपल्याकडच्या लहान हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ पगारी नसतो, बोलावल्यावर येतो. नळी घालतो, पहिला डोस देतो आणि दुसऱ्या हॉस्पिटलातल्या सिझरला निघतो. मागे उरतात रात्रपाळीच्या सिस्टर आणि एक आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर. पंप नसेल तर दर दीड-दोन तासांनी हाताने टॉप-अप, म्हणजे पुढचा डोस, द्यावा लागतो, आणि तो द्यायची परवानगी आणि सवय तिथल्या कोणाला नसेल तर फोनाफोनी सुरू होते. कळा परत आल्या की त्या पहिल्यापेक्षा जोरात वाटतात, कारण मधे सवय मोडलेली असते. 'एपिड्युरल फेल गेलं' म्हणून जे कानावर येतं त्यात औषध वेळेवर न मिळाल्याचा वाटा मोठा आहे. तेव्हा दर विचारण्याआधी हे विचारा: पंप आहे का, बाईच्या हातात बटण देणारा आहे का, आणि रात्री भूलतज्ज्ञ हॉस्पिटलात असतो की घरी?

सगळं नीट होऊनही ते पूर्ण लागू पडेलच असं नाही. ब्रिटनमधल्या ऑब्स्टेट्रिक ॲनेस्थेटिस्ट्स असोसिएशनने बायकांसाठी छापलेल्या माहितीपत्रकात ८ पैकी एकीला एपिड्युरल पुरेसं लागू पडत नाही आणि दुसरा उपाय जोडावा लागतो, असं सरळ लिहिलेलं आहे. आपल्याकडचं चकचकीत पत्रक सहसा हा आकडा छापत नाही, आणि तो लपवल्यामुळेच नंतर भांडणं होतात. एका बाजूचं दुखत असेल तर उपाय ठरलेले आहेत: दुखणारी बाजू खाली करून कुशीवर झोपवणं, जास्तीचा डोस, नळी एखादा सेंटिमीटर मागे ओढणं आणि तरीही नाही जमलं तर नवीन नळी घालणं. हे सगळं करायला अर्थात माणूस जागेवर लागतो. नवीन नळीचे पैसे पुन्हा लागतात का, तेही आधीच विचारून ठेवावं.

त्याच पत्रकातले धोक्याचे आकडे: रक्तदाब बराच खाली जाणं ५० पैकी एकीला. तीव्र डोकेदुखी १०० पैकी एकीला. एखादी नस तात्पुरती दुखावून पायावर बधिर पट्टा राहणं हजारात एकीला. सहा महिन्यांहून जास्त टिकणारी इजा १३,००० मध्ये एकीला. कायमचा लुळेपणा अडीच लाखांत एकीला. या यादीत 'कायमची पाठदुखी' नाही. बाळंतपणानंतर पाठ एपिड्युरल न घेतलेल्यांचीही तितकीच दुखते, पण घरोघरी खापर त्या 'मणक्यातल्या इंजेक्शना'वर फुटतं. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणका राहतो, तेवढाच तिचा दोष.

दुसरी भीती सिझरची. 'कळा बंद होतात, मग कापावंच लागतं' हे चाळीच्या जिन्यापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. कॉक्रेन ही जगभरच्या वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०१८ च्या आढाव्यात ४० चाचण्या एकत्र तपासल्या होत्या. एपिड्युरलमुळे सिझरचं प्रमाण वाढल्याचं त्यात दिसलं नाही. बाळ ओढून काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण जुन्या चाचण्यांत जास्त होतं, पण पातळ औषध रूढ झाल्यावरच्या, २००५ नंतरच्या चाचण्यांत तो फरकही राहिला नाही. जोर लावण्याचा टप्पा लांबू शकतो, हे मात्र खरं. काहींना ताप चढतो, फेंटानिलने अंगाला खाज सुटते, लघवीची जाणीव जाते म्हणून नळीने लघवी काढावी लागते. यांतलं काहीही घाबरण्यासारखं नाही, पण आधी सांगितलेलं असावं.

'चार सेंटिमीटर झाल्याशिवाय देता येत नाही' हे उत्तर मिळालं तर ती त्या जागेची सोय समजावी, शास्त्र नव्हे. कळा नीट सुरू झाल्या आणि बाईने मागितलं, एवढं कारण पुरतं.

मात्र काही जणींना एपिड्युरल देता येत नाही आणि ते आदल्या महिन्यातच कळायला हवं. प्लेटलेट ७०-८० हजारांच्या खाली असतील, सुईच्या जागी जंतुसंसर्ग असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर नकार मिळतो. आपल्याकडे आधीच्या गर्भपातांमुळे पोटात रोज एनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन घेणाऱ्या कितीतरी जणी असतात. रोजच्या ४० मिलिग्रॅमच्या डोसनंतर १२ तास आणि उपचाराच्या मोठ्या डोसनंतर २४ तास सुई लावत नाहीत. म्हणून कळा सुरू झाल्यासारख्या वाटल्या की पुढचं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना फोन. रोजची ॲस्पिरिनची छोटी गोळी आड येत नाही, तिच्यामुळे नाही म्हटलं तर पुन्हा विचारा.

सुरक्षेची तपासणी करायची तर तीन गोष्टी बघाव्यात. डोसनंतर वीसेक मिनिटं दर पाच मिनिटांनी रक्तदाब घेतात का? बाईला उताणी न ठेवता डाव्या कुशीला कलती ठेवतात का? उताणं झोपलं की गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर येतं, रक्तदाब घसरतो आणि बाळाचे ठोके मंदावतात. आणि तिसरी, लेबर रूममध्ये २० टक्क्यांचं लिपिड इमल्शन, म्हणजे शिरेतून द्यायचं स्निग्ध द्रावण, आहे का? बुपिव्हॅकेन चुकून शिरेत गेलं तर हृदय थांबू शकतं, आणि तेव्हा किलोला दीड मिलि या हिशेबाने हीच पांढरी बाटली द्यायची असते. प्रश्न ऐकून समोरचा गोंधळला तर तेही एक उत्तरच आहे.

पॅकेजमधल्या फुकटच्या किंवा जवळपास फुकटच्या वस्तूंबद्दल थोडं. बर्थिंग बॉल ६५ सेंटिमीटरचा बहुतेकींना पुरतो. बसल्यावर कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहिली पाहिजे, नाहीतर चेंडू छोटा आहे किंवा त्यात हवा कमी आहे. बाळाचं डोकं पाठमोरं असेल आणि सगळ्या कळा कमरेत येत असतील तर कंबरेखालच्या सपाट हाडावर तळहाताचा बुंधा ठेवून कळ संपेपर्यंत जोराचा स्थिर दाब द्यायचा. हलकं चोळून उपयोग नाही. याच दुखण्यासाठी निर्जंतुक पाण्याची इंजेक्शनं आहेत: कमरेच्या हाडावर चार ठिकाणी त्वचेत ०.१ मिलि साधं पाणी. अर्धं मिनिट गांधीलमाशी चावल्यासारखी आग, आणि मग दीड-दोन तास कंबर मोकळी. किंमत नगण्य, म्हणूनच बहुधा पत्रकात सापडत नाहीत. आणि सोबतीचं माणूस. आई, बहीण, मावशी, नवरा, कोणीही, पण सलग शेवटपर्यंत. सतत सोबत असली की औषधं कमी लागतात आणि सिझरही कमी होतात, हे अभ्यासांत दिसलं आहे. सरकारी दवाखान्यातही बाळंतिणीजवळ एक बाईमाणूस थांबू देण्याचं केंद्राचं धोरण २०१६ पासून आहे. खासगीत 'लेबर रूममध्ये कोणी चालत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी तेवढं करावं, मग पेनलेसची पाटी लावावी.

टाक्यांकडे पॅकेज हमखास डोळेझाक करतं. बाळ झालं, पेढे वाटायला माणसं धावली आणि इकडे टाके घालताना बाई किंचाळतेय, हे दृश्य नवं नाही. एपिड्युरल चालू असेल तर टाक्यांआधी एक टॉप-अप पुरतो; पण पंप 'बाळ झालं' म्हणून लगेच बंद केलेला असतो. एपिड्युरल नसेल तर जागेवर लिग्नोकेन. १ टक्क्याचं २० मिलिपर्यंत चालतं. आपल्याकडे बाटली बहुधा २ टक्क्यांची असते, तिचं १० मिलि किंवा निम्मं सलाईन घालून २०. ते टोचून दोन-तीन मिनिटं थांबायचं असतं. टोचलं की दुसऱ्या क्षणी सुई-धागा हातात घेतला तर भूल न दिल्यासारखंच होतं. टाक्यांची भूल पॅकेजमध्ये धरली आहे का, हा प्रश्न विचारायला लाजू नये.

बिलाबद्दल एवढंच की भूलतज्ज्ञाची फी, किट, औषधं, पंपाचं भाडं आणि रात्रीचा अधिभार वेगवेगळे लिहून मागावेत. नळी घातली आणि शेवटी सिझर झालं तर त्याच नळीतून जोरदार डोस देऊन ऑपरेशन करता येतं. म्हणजे सिझरच्या भुलेची पूर्ण फी पुन्हा लावणं योग्य नाही. महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे नर्सिंग होमने दरपत्रक दर्शनी लावायचं असतं. त्यात एपिड्युरलची वेगळी ओळ आहे का, तेही बघून यावं.

एकंदर मत: चोवीस तास भूलतज्ज्ञ हजर, पंप आणि पातळ औषध, या तिन्ही गोष्टी असतील तर सांगितलेले पैसे खुशाल द्यावेत. यातलं एक जरी नसेल तर घासाघीस करावी. भूलतज्ज्ञ फक्त दिवसा मिळत असेल तर पॅकेज घेऊ नये, कारण कळा घड्याळ बघून येत नाहीत. त्यापेक्षा एन्टोनॉक्स, पाण्याची इंजेक्शनं आणि सोबतीचं माणूस हा बेत बरा.

नळी काढताना दुखत नाही, पट्टी निघतानाच काय ते कळतं. तिचं टोक अखंड आहे का, हे बघून नोंद करतात. खरी राहणारी गोष्ट डोकेदुखीची. सुईने आतल्या पडद्याला भोक पडलं असेल तर ती लगेच नाही, एक-दोन दिवसांनी सुरू होते, आणि तोवर बाळंतीण माहेरी पोचलेली असते. उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की काही मिनिटांत उतरतं, ही तिची खूण. घरात मात्र 'कानात वारा गेला' म्हणून स्कार्फ घट्ट बांधला जातो, ओवा-शेपेची धुरी दिली जाते आणि आठवडा निघून जातो. भरपूर पाणी, साध्या वेदनाशामक गोळ्या आणि चहा-कॉफीने भागलं तर ठीक. नाही भागलं तर तिच्याच हातातलं १५-२० मिलि रक्त पाठीत त्या जागी सोडून भोक बंद करतात आणि बरेचदा त्याच दिवशी बाई उठून बसते. त्यासाठी भूलतज्ज्ञाचा नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला हवा. हॉस्पिटलच्या रिसेप्शनचा नव्हे, त्याचा स्वतःचा.